एकशे सतरा नंबरची नळी

१९ एप्रिल

अँटिबॉडीच्या तपासणीत एकशे सतरा नंबर पॉझिटिव्ह आला. स्टिकर मीच लावलं होतं. माझंच रक्त!

भीमजयंतीला सिंदेवाहीच्या विहारात शिबिर होतं. धम्मदीपची आई, केसरबाई, दात्यांचं रजिस्टर घेऊन बसल्या होत्या. होणारी सून रक्तपेढीत नोकरीले, अन् तीच देऊन नाई राह्यली, असं कोणीतरी बोललं. झाली मी खाटेवर आडवी. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

२० एप्रिल

पुन्हा तपासलं. तेच.

माझ्यासारख्या आरएच निगेटिव्ह गटाच्या बाईच्या रक्तात ही अँटिबॉडी अशीच येत नाई. एक तर पॉझिटिव्ह रक्त चढलेलं असते, नाई तर पोटात पॉझिटिव्ह लेकरू राह्यलेलं असते. मले रक्त कधी चढलं नाई. सहा वर्षांमागं नागपूरले होस्टेलात होती, दिवस गेले, तिसऱ्या महिन्यात पडलं. आईलेही सांगितलं नाई. ही अँटिबॉडी होऊ नये म्हणून नंतर घ्यायचं इंजेक्शनही घेतलं नाई — दवाखान्यात नाव सांगावं लागलं असतं. वाटलं, संपलं एकदाचं.

२२ एप्रिल

धडधाकट रक्तदात्यांत अशा अँटिबॉडी किती सापडतात, हा आमच्या रक्तपेढीच्या डॉक्टर मॅडमचा अभ्यास. नळ्यांवर फक्त नंबर, नावं केसरबाईंच्या रजिस्टरात. मॅडम म्हणाल्या, एकशे सतरा नंबरच्या बाईले बोलवा, बाळंतपण, गर्भपात सगळं विचारा, पुढच्या लेकराच्या जिवाले धोका असते, तिच्याच भल्याचं आहे. खरंच आहे त्यांचं. दुसरी कोणी असती तर मीच फोन लावला असता.

नळी बदलून टाकावी? हातात घेतली. परत ठेवली.

२३ एप्रिल

केसरबाई तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांले काही समजावून सांगायची गरजच नाई. लग्न अकरा मेले. धम्मदीप पत्रिकेचा रंग विचारून राह्यला. लय भीती वाटते. कुठी जाऊ?

२४ एप्रिल

मॅडमनं माझ्यासमोरच केसरबाईंले फोन लावला. मी उगाच धुतलेल्या काचपट्ट्या पुन्हा धूत राह्यली. रजिस्टर पाहून उद्या सांगतो म्हणाल्या.

२५ एप्रिल

मॅडमनं फाईल बंद केली. एकशे सतरा म्हणजे खुद्द केसरबाई, म्हणे. चार बाळंतपणं झालेली बाई, त्यात नवल काय!

केसरबाईंनी त्या दिवशी रक्त दिलंच नाई. बीपी वाढलं म्हणून मीच त्यांले खाटेवरून उठवलं होतं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "रिना, पोटी राह्यलं की पहिल्याच महिन्यात मले सांगजो. पुढचं मी पाहीन."