तांदळातली माधुरी दीक्षित

२ फेब्रुवारी, सकाळी
सुमितचं लग्न सोळाला. मुलगी ऋचा. आईवडील धुळ्याचे, ती इथे सुरतेतच वाढलेली. बँकेतून रिटायर झाल्यापासून माझ्या डोक्याला खाद्य नव्हतं. आज दाढी करताना सुचलं. आपलं आडनाव दीक्षित. लग्न लागल्यावर लक्ष्मीपूजनात नवरा अंगठीने ताटातल्या तांदळात बायकोचं नवीन नाव लिहितो. सुमितने फक्त 'माधुरी' लिहायचं. झालं. घरात माधुरी दीक्षित, खर्च शून्य. इतकी वर्षं हे कुणालाच कसं सुचलं नाही?
साखर आजपासून बंद.

३ फेब्रुवारी
घरात जाहीर केलं. सुमित म्हणाला, पप्पा, तिची डिग्री, पासपोर्ट, सगळं ऋचा नावाने आहे आणि तिला ते आवडतं. मी म्हटलं, कागद बदलता येतात. तो म्हणाला, मग हॉलही कॅन्सल करता येतो, आम्ही कोर्टात सह्या करून मोकळे होऊ. एकुलत्या एका मुलाचं हे बोलणं. नुसती धमकी आहे, मी ओळखून आहे.
रजनी मटार सोलत होती. ती सोलतच राहिली. आमच्या हिला कल्पनाशक्ती जरा कमीच.
शेजारच्या छगनभाईंना मात्र सांगितलं, सोळाला आपल्या सोसायटीत माधुरी दीक्षित येतेय. ते म्हणाले, तो तो वॉचमन बे वधारे जोइशे, म्हणजे दोन वॉचमन जास्त लागतील. याला म्हणतात दाद.

५ फेब्रुवारी
शालूसाठी रिंग रोडला. दुकानाचे मालक राजेश खन्ना. नाव खरं, पाटीवर आहे. टक्कल, ढेरी, गळ्यात टेप. मुद्दाम विचारलं, नावाचा फायदा काय झाला. म्हणाले, कॉलेजमध्ये मुली नाव ऐकून बघायला यायच्या आणि बघून परत जायच्या.
यायच्या, हे महत्त्वाचं.

८ फेब्रुवारी
मांड्यांची ऑर्डर द्यायला कोसाडला. करणाऱ्या बाई स्मिता पाटील. गल्लीत आणखी दोन स्मिता पाटील आहेत, म्हणून हिला सगळे मांडेवाली स्मिता म्हणतात. सांगत होती, दवाखान्यात नाव पुकारलं की सगळी बाकं मान वर करतात आणि हिला बघून खाली घालतात. वर म्हणाली, नाव लिसन काय करानं, भाऊ? नाव घेऊन काय करायचं म्हणे. न्यूनगंड, दुसरं काय. अशा लोकांना नाव पेलत नाही.
तिने गरम मांडा हातावर ठेवला. नाही म्हणणं म्हणजे अन्नाचा अपमान. साखर उद्यापासून.

१० फेब्रुवारी
गुरुजींकडे. त्यांचं नाव रवी शास्त्री. म्हणाले, एकही लग्न असं जात नाही की मंगलाष्टकं चालू असताना मागून कुणी स्कोअर विचारत नाही. त्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. मी म्हटलं, गुरुजी, मग तर जोडी जमली, शास्त्री माधुरीचं लक्ष्मीपूजन करणार. ते म्हणाले, नाव मुलीच्या मनाविरुद्ध असेल तर मी ताट पुढे करणार नाही.
दक्षिणा वाढवून हवी असेल.

१२ फेब्रुवारी
ऋचा स्वतः आली. गोड मुलगी. म्हणाली, काका, मी तुमचं नाव बदलून विजयचं विजयेंद्र केलं तर चालेल का? किती आपुलकी. मी म्हटलं, चालेल काय, धावेल. ती सुमितकडे बघत राहिली. म्हणजे तिची संमती आहे. आरशासमोर दोनदा विजयेंद्र म्हणून पाहिलं. भारदस्त वाटतं.
मग सुमित म्हणाला, परवा संध्याकाळपर्यंत हट्ट सोडा, नाहीतर हॉलवाल्याला फोन करतो. नंबरही लावून दाखवला. मी डगमगलो नाही. फक्त पाणी प्यायलो.

१४ फेब्रुवारी, जेवणानंतर
सुमित फोन हातात घेऊन बसलेला. मी सांगितलं, माधुरी म्हणजे माधुरी. तेवढ्यात रजनीने भाजी वाढता वाढता सांगितलं, की माधुरी दीक्षित तीच झाली असती.
माहेरी सगळे तिला बेबी म्हणतात, मला वाटायचं तेच नाव. शाळेत ती माधुरी होती. लग्नात मीच तांदळात रजनी लिहिलं. तिने का म्हणून विचारलं, तर मी म्हणालो होतो म्हणे, माधुरी दीक्षित या नावात काही दम नाही, कोण ओळखणार. तेव्हा ती सिनेमावाली कुणाला फारशी माहीत नव्हती, ही गोष्ट वेगळी.
रजनी म्हणाली, पहिलं वर्षभर तिला वाटायचं, या घरात रजनी म्हणून दुसरीच कुणी आहे आणि ती येईपर्यंत आपण स्वयंपाक करतोय.
मी असं बोलेन हे शक्यच नाही. पण तांदूळ अंगठीत अडकले होते, ते आठवलं. रागावून बोलली असती तर उत्तर देता आलं असतं. फार वाईट वाटलं. सुमितने फोन खाली ठेवला.

१६ फेब्रुवारी
लग्न हॉलवरच लागलं. सुमितने तांदळात 'ऋचा' लिहिलं. हे माझ्याच सांगण्यावरून, असं मी चार लोकांना सांगितलं. श्रीखंड दोन वाट्या. लग्न रोज नसतं.
संध्याकाळी घरी पाहुणे पांगल्यावर रजनी दारातल्या अक्षता झाडत होती. मी मागून हाक मारली, माधुरी. ती झाडत राहिली. जरा मोठ्याने मारली. तिने खोलीत डोकावून पाहिलं, नव्या सुनेकडे कुणी मैत्रीण आली आहे का म्हणून.
मग रजनी म्हटलं. लगेच वळली, काय हवंय म्हणून विचारलं. काय हवंय ते मला सांगता येईना. चहा मागितला.