पिसं झडण्याचे दिवस

प्रिय बारके,

फोनवर तुला सांगितलं ते खरं होतं, पण अर्धंच. काल दुपारी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बाबांची अन्ननलिका दाखवली आणि गाठीपाशी पेनाचं टोक टेकवलं. मी मूर्खासारखं विचारलं, पडदा पुसून बघता का? त्यांनी खरंच पुसला. गाठ तिथेच होती. ती काढता येईल म्हणाल्या, पण बाबांचं अकरा किलो वजन उतरलंय. एवढ्या अशक्त माणसावर शस्त्रक्रिया होत नाही. आता पंधरा दिवस नाकातल्या नळीने अन्न द्यायचं आणि तोवर गाठ पसरू नये अशी आशा करायची. त्यानंतर मी अर्ज भरले, चादर बदलून घेतली, बाबांचा चष्मा पुसला. शेजारच्या खाटेजवळ बसणारी बाई तसं सांगते. मला त्यातलं काही आठवत नाही.

सोळा वर्षं पेंग्विन सांभाळतेय मी. बाबा पहिल्यांदा प्राणिसंग्रहालयात आमच्या काचेपाशी उभे राहिले तेव्हा शिंप्याच्या नजरेने बघत त्यांनी विचारलं होतं, हा कोट शिवला कुणी, शिवण कुठेच दिसत नाही. मी फुशारकीने सांगत सुटले. बारीक पिसं कौलांसारखी एकावर एक, त्यांवर शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीने चोपडलेलं, म्हणून पाणी आत शिरत नाही. खाली चरबीचं अस्तर. पायातून गार होऊन परतणारं रक्त खाली जाणाऱ्या गरम रक्ताला खेटून वर येतं, म्हणून बर्फावर उभं राहूनही अंगातली ऊब टिकते. पाठ काळी, कारण वरून बघणाऱ्याला ते खोल पाणीच वाटावं. पोट पांढरं, खालून बघणाऱ्याला उजेड वाटावा म्हणून. बाबा म्हणाले, म्हणजे गिऱ्हाइकापेक्षा शिंपीच हुशार.

पण वर्षभरात हा कोट विटतो आणि पेंग्विन तो एकदमच टाकतात. तेव्हा ते फाटक्या उशीसारखे दिसतात. नवी पिसं येईपर्यंत पाण्यात उतरता येत नाही, म्हणजे मासे नाहीत. दोनतीन आठवडे कोपऱ्यात तोंड पाडून उपाशी उभे. नवखे कर्मचारी घाबरतात, चोच उघडून मासा कोंबायला जातात. मी त्यांना मागे ओढते. राहू दे म्हणते, त्याचं त्याला कळतं.

बाबांनी दुकान बंद केलं, मशीन विकलं आणि खिडकीशी बसून राहिले. ताट अर्धं परत यायला लागलं. मी घरात जाहीर केलं, बाबा पिसं टाकतायत. बाबाही हसले. तू तपासणीचा हट्ट धरलास तेव्हा तुलाही तेच ऐकवलं, वर म्हटलं, लांब बसून काळजी करायला काय जातं तुझं? तू एवढंच म्हणालीस, "ताई, बाबा माणूस आहेत गं." त्यानंतर आठ दिवस मी तुझा फोन घेतला नाही.

आज सकाळी कामावर गेले, कारण पक्ष्यांना रजा कळत नाही. आमच्या एका मादीची पिसं झडायची वेळ जवळ आलीय. खाऊन खाऊन ती अशी गरगरीत झालीय की चालताना कलंडते. पेंग्विन आधी अशी शिदोरी अंगावर चढवतात, तेव्हा कुठे तो उपास सोसतो. शाळेच्या सहलींना हे मी पाठ म्हणून दाखवते. तिला काट्यावर उभी केली आणि हातातली बादली सुटली. बाबा कधी गरगरीत झाले होते, बारके? पक्ष्यांचं वजन मी रोज फळ्यावर लिहिते. बाबांनी आपल्या दोन्ही विजारी हाताने कमरेत आत घेतल्या, त्या बघून मी म्हटलं होतं, सफाई अजून तशीच आहे हो तुमची.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाबांनी काल डॉक्टरीणबाईंना माझ्यादेखत सांगितलं की घास अडकतो हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, पोरींना उगाच घोर नको म्हणून. फोनवर तुलाही त्यांनी तेच सांगितलं. मग तू माझी माफी मागितलीस, उगाच बोलले तुला, म्हणालीस. आणि मी म्हटलं, असू दे. घरी येऊन रोजनिशी उघडली. सव्वीस दिवसांपूर्वीच्या पानावर माझंच अक्षर आहे: 'बाबा म्हणाले, घास छातीत अडकतो. समजावलं, जाईल आपोआप.' खाली त्या दिवशी कुठल्या पक्ष्याने किती मासे खाल्ले त्याची यादी. ते पान फाडून टाकायला मी हात घातला होता, हेही तुला कळू दे. मग ते कात्रीने नीट कापलं आणि या पत्रात ठेवलंय. तुझी माफी माझ्याकडे राहता कामा नये, ती परत घे. बाबांना मात्र काही विचारू नकोस. ते माझ्यासाठी पुन्हा खोटं बोलतील, आणि त्यांना आता बोलतानाही दुखतं.

तू म्हणशील तोवर तुझीच,
ताई