पाकटाच्या पोटात

बोरिवली,
९ डिसेंबर १९८६

चि. सौ. वनमाला हिला जानकीचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? (दुखतच असणार. बरा झाला तर तू बोलशील कशावर?) मी ठीक, पण सकाळपासून माझं उघडलेलं तोंड मिटलेलं नाही.

तुझी पुतणी, म्हणजे माझी धाकटी सून मालन, हिला मुलगा झाला, पण दूध पुरत नाही. पोर बोंबलून चाळ डोक्यावर घेतं. डॉक्टर म्हणाला, डबा आणा. मी म्हटलं, डबा कसला? बाळंतिणीला पाकट मासा घातला की दूध उतरतं, आपण सगळी तशीच वाढलो. होडीने गोराईला गेले आणि कोळणीकडून अख्खं पाकट उचललं. (तुकडे मागितले की शिळे गळ्यात मारतात.) तिथेच वाट लागली. जन्मभर तुकडेच घेतले, त्याचं पोट कधी कोणी बघितलं गं?

सुरी घातली आणि आतून चार पिल्लं! अंडी नव्हेत, पिल्लं! पंख अंगाभोवती गुंडाळलेले, थेट दुपट्यात बांधलेल्या पोरांसारखी. माझ्या हातची सुरी पडली. मालन नेमकी मागे उभी. किंचाळली, "आई, हिचेही दिवस भरले होते हो!" आणि जेवणच सोडलं. पिल्लं मांजराला घातली, तेही बिचकलं. कालवण मात्र मी केलंच. वाया कोण घालवणार?

थोरल्याची वसुधा कॉलेजात मासेच शिकते (फी भरून! साफ एक करता येत नाही). ती म्हणे, आजी, पाकटाला पिल्लंच होतात. त्याची स्केट नावाची बहीण आहे, तीही अशीच चपटी. दोघींच्या अंगात हाड औषधाला नाही, सगळा सांगाडा आपल्या कानासारखा लवचीक. पण स्केट अंडी घालते, चामड्याच्या चौकोनी पिशवीत, कोपऱ्यांना शिंगं! शेपटीला पाकटासारखा विषारी काटा नाही, पाठीवर मात्र बारीक काटेच काटे. एका घरातल्या बहिणी, एक पोरं पोटात वागवते, दुसरी पिशवी टाकून चालू लागते! मग आपण दोघी आठवलो. मी एकदाच डंख मारते, तू दिवसभर टोचतेस.

मालन आतून म्हणाली, अंडीवाली असती तर खाल्ली असती. पोर रडतंय.

तुझी अक्का,
जानकी

ता.क. खरं काम हे. सुकी मुशी पाठव, त्या माशानेही दूध उतरतं (पिल्लं तिलाही होतात, वसुधा म्हणते), आणि मालनला वेगळी चिठ्ठी लिही, की ही अंडी घालणारी जात आहे. माझं तिला पटणार नाही, तुझं पटेल. खोटं बोलताना तुझा चेहरा पडतो, पण पत्रात कुठे दिसतो?

आणखी ता.क. तिकिटावाचून पत्र दोन दिवस पडलं, बरंच झालं. मी इथे लिहीत बसले होते तेव्हाच आतला कालवणाचा टोप रिकामा झाला होता. मालन म्हणते, "वाईट फार वाटलं हो आई, पण वासाने राहवेना." पोर पोटभर पिऊन झोपलंय. तेव्हा चिठ्ठी नको. मुशी मात्र पाठव. मला एक तुकडा ठेवला नाही तुझ्या पुतणीने.