नोव्हेंबरातच उरकलेले वर्ष

४ नोव्हेंबर १९८९
झाले! वर्षाचा आढावा लिहून टाकला. वर्षाला अजून आठ आठवडे आयुष्य आहे, पण मालकांना धीर कुठला! गेल्या साली समोरच्या वर्तमानपत्राने आपली पुरवणी एक डिसेंबरला काढली, म्हणून आमची यंदा बारा नोव्हेंबरला. पेशंट श्वास घेतोय आणि आम्ही मृत्युलेख जुळवतोय.

एक महासत्ता परक्या डोंगरांतून सैन्य घेऊन घरी परतली, एका चौकात रणगाडे पोरांवर चालून गेले, पोलंडात कामगार सत्तेत बसले. एवढे होऊन माझा निष्कर्ष — जग जिथल्या तिथे! शेवट तर फक्कड उतरलाय: ‘बर्लिनची भिंत मात्र ठणठणीत आहे. आपल्या नातवंडांनाही पुरेल.’

६ नोव्हेंबर
मुद्रितशोधक बाई टेबलाशी आल्या. एकतीस वर्षे त्यांच्या सहीशिवाय इथे एक ओळ छापलेली नाही. चष्मा कपाळावर.

“तिकडं लाखो माणसं रस्त्यावर उतरलीयत. भिंतीचं वाक्य काढू या का?”

“बाई, तुम्ही वेलांट्या बघा, जग मी बघतो.”

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी.

१० नोव्हेंबर
भिंत उघडली! आणि पुरवणी परवाच छापून गठ्ठे बाहेरगावी रवाना!

अख्खे कार्यालय टेलिप्रिंटरभोवती. तिथल्या एका अधिकाऱ्याने म्हणे हातातला कागद धड न वाचताच पत्रकारांना सांगून टाकले — ये-जा मोकळी, आत्तापासून. लोक निघाले, पहारेकरी गोंधळले, फाटक उघडले. अठ्ठावीस वर्षांचे काँक्रीट आणि एक न वाचलेला कागद!

बाई आपल्या टेबलाशी पुढचे मुद्रित तपासत बसल्या. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

१३ नोव्हेंबर
काल पुरवणी घरोघरी पोचली. आज सकाळपासून फोन. “तुमची ठणठणीत भिंत टीव्हीवर फोडतायत, बघताय ना?”

मालकांनी बोलावले. “खुलासा हवा. मुद्रितशोधनात राहून गेलं म्हणा. तुम्हीच लिहा, तुम्हाला जमतं.”

“पण बाईंनी तर—”

“बाई एप्रिलमध्ये निवृत्त होणारच आहेत. आत्ता गेल्या तर कुठं बिघडलं?”

बिघडते ते नाव. एकतीस वर्षांत एक डाग नाही. हे म्हणायला हवे होते. लिहिल्या चार ओळी. दुर्दैवाने चांगल्या उतरल्या.

१४ नोव्हेंबर
नियम तो नियम — खुलाशाचे मुद्रितही बाईंकडेच गेले. मी दाराआडून बघत होतो. ‘मुद्रितशोधकाच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे’ या शब्दांखाली त्यांनी पट्टी धरली, थांबल्या, पट्टी पुढे सरकवली. दोनदा वाचले. एक स्वल्पविराम घातला. सही केली. चष्मा डबीत ठेवला, पिशवी उचलली आणि निघाल्या.

जिन्यात गाठले. “बाई, मी—”

“वाक्य लांब झालं होतं तुमचं,” त्या म्हणाल्या. “वाचणाऱ्याला दम खायला जागा हवी.”

कागद न वाचणाऱ्याने भिंत उघडली. प्रत्येक कागद वाचणारीला आम्ही बाहेरची वाट दाखवली. यावर लेख होईल, असे तिथेच जिन्यात मनात आले! लाज कशी नाही वाटत मला?

१५ नोव्हेंबर
खुलासा आला. बायको वाचून म्हणाली, “जगाची टर उडवता, आणि मालकापुढं भिजलेलं मांजर!”

मी अंकाची घडी घालून रद्दीत सारला.

२० नोव्हेंबर
बाईंच्या खुर्चीवर जुन्या अंकांची चळत.

२२ नोव्हेंबर
आज मालकांना सांगितलेच. चूक माझी, बाईंनी सावध केले होते. तसे छापा, नाहीतर मी चाललो!

“माहितीय,” ते म्हणाले. “छपाईआधी त्या माझ्याकडेही आल्या होत्या. मीच म्हटलं, छापा.” मग समोरची खुर्ची दाखवली. “बसा. पुढच्या वर्षाचा आढावा ऑक्टोबरातच काढू.”

मी बसलो.