तुझ्यावर टाकलेलं गाणं

माय, तुझ्या नातीचं लग्न झालं. आदिलाबादला फंक्शन हॉल घेतला होता, जेवण चांगलं होतं, ज्यांना रुसायचं होतं ते रुसले आणि आता सगळे आपापल्या घरी गेले आहेत. पण मी लिहायला बसले आहे ते तिच्या लग्नाबद्दल नाही, माझ्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटबद्दल. ती तू कधी पाहिली नाहीस, कारण ती तयार होऊन आली तेव्हा तू नव्हतीस. त्या कॅसेटमध्ये तू चालतेस, वाकतेस, बोलतेस. त्याखेरीज तुझा एकच फोटो आमच्याकडे आहे, रेशनकार्डावरचा, आणि त्यात तू पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसतेस. म्हणून कॅसेटमधली तू तीच खरी तू, असं आमच्या घरात ठरून गेलं होतं.

आधी सिनेमाचं सांगते. तुला सिनेमाचा नाद होता हे तुझ्या जावयाला अजून खरं वाटत नाही. कापसाची वेचणी संपली की तू मला घेऊन इचोड्याला जायचीस, उभ्या ट्रकांमधून वाट काढत, थेटरात बायकांच्या बाजूला. सिनेमा तेलुगू असायचा. तुझं तेलुगू बाजारापुरतं, भाव विचारायचा आणि नको म्हणायचं. मी शाळेत तेलुगू शिकत होते, म्हणून पडद्यावर कोण काय बोलतं ते तुझ्या कानाशी लागून सांगू पाहायची, तर तू माझ्या मांडीवर चापट मारायचीस. "गप बस. बाजा सांगून राह्यला मले." आणि खरंच तू बाजावर सिनेमा पाहायचीस. व्हायोलिन सुरू झालं की पडद्यावर सगळे हसत जेवत असले तरी तू पदर डोळ्याला लावून तयार, आणि थोड्या वेळानं कोणीतरी मरायचंच. पण कधीकधी पार फसायचीस. एका सिनेमात एक मामा होता, तो आला की मागे गमतीचं काहीतरी टुंगटुंग वाजायचं, त्यावरून तो घरातला सर्वांत भला माणूस असं तू ठरवलंस. त्यानं तर भाचीचं घर विकून खाल्लं होतं. दुसऱ्या दिवशी हापशीवर तू बायकांना गोष्ट सांगितलीस त्यात तो मामा शेवटपर्यंत भलाच राहिला. मी मध्ये बोलले नाही, कारण तुझी गोष्ट सिनेमापेक्षा बरी होती.

चिडलीस ती एकदाच. पडद्यावर एका घरात लग्न आहे, सनई वाजते आहे, पोरी नाचताहेत, आणि आतल्या खोलीत नवरीचा बाप छातीवर हात ठेवून खाली बसतो. सनई थांबत नाही. थेटरातल्या बायका हुंदके देत होत्या आणि तू तोंड वाकडं करून बसली होतीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, वाजवणारा चुकला, माणूस मरतो आहे आणि याचं आपलं लग्नाचंच चालू आहे. मी नववीत होते, मला सगळं कळत होतं. मी तुला समजावलं की ते मुद्दाम तसं करतात, त्यानं जास्त लागतं. गावाच्या फाट्यावर उतरल्यावर म्हणालीस, "तुहा बाप गेला तवा बी रस्त्यानं वरात चालली होती. कोणी मुद्दाम नव्हतं वाजवलं." मला बाबा आठवत नाहीत, आणि त्या दिवशी वरात होती हेही मला तोवर माहीत नव्हतं. मी तुझ्या हातातली पिशवी घेतली आणि आपण घरी आलो.

माझ्या लग्नावरून आपलं बिनसलं. तुझं म्हणणं, आधी मास्तरणीचं ट्रेनिंग होऊ दे, नोकरी लागू दे. मामानं स्थळ आणलं, मला मुलगा आवडला आणि मी हो म्हणून बसले. तेव्हापासून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. भाकर वाढायचीस, डोक्याला तेल लावायचीस, पण बोलायचं ते मामीशी. "तिले इचार, लुगडं कोन्त्या रंगाचं पाह्यजे." आणि मी समोरच बसलेली. लग्नाच्या दिवसापर्यंत हेच चाललं. पाठवणीच्या वेळी मी जीपमध्ये बसले तेव्हा तू खिडकीशी आलीस, काहीतरी बोललीस आणि जीप निघाली. सासर बेज्जूरकडचं, जंगलातलं. परतणीला माहेरी येऊ येऊ म्हणता पाऊस लागला, नाल्यांना पूर आला आणि ती राहून गेली. त्याच पावसाळ्यात तुला ताप आला. निरोप मिळून मी पोचले तोवर तुझी वाचा गेली होती. म्हणजे तू माझ्याशी शेवटचं बोललीस ते त्या जीपच्या खिडकीत.

कॅसेट दिवाळीच्या सुमारास आली. व्हिडिओवाल्याकडे साऱ्या तालुक्याच्या लग्नांसाठी ठरलेली गाणी होती, हळदीला एक, पंगतीला एक, वरातीला एक. खरा आवाज पुसायचा आणि वरून ते गाणं टाकायचं, ही त्याची पद्धत. भंतेजी त्रिशरण देताहेत आणि त्यावर त्यानं शंख आणि सनई टाकली होती. ओठ हलतात, वंदना ऐकू येत नाही. मामा त्याच्याशी भांडायला गेला तर तो म्हणाला, "गाना नहीं डालेंगे तो कैसेट कौन देखेगा, भाऊ?" पाठवणीला अर्थातच रडवणारं गाणं होतं. त्या गाण्यात तू पदर चेहऱ्याला लावतेस, हळूहळू जीपकडे येतेस, वाकतेस. पाहणारा रडल्याशिवाय राहायचा नाही. सासूबाई आल्यागेल्याला ती कॅसेट दाखवायच्या आणि म्हणायच्या, पाहा, किती रडली बिचारी. मीही रडायची. आणि इतक्या वेळा पाहून ते गाणं माझ्या आठवणीतच शिरलं. मी जीपमध्ये आहे, तू खिडकीत वाकली आहेस आणि कुठून तरी ते गाणं येतं आहे, असंच मला आठवतं. बँडवाले तर केव्हाच दुसऱ्या लग्नाला पळाले होते, तिथं काहीच वाजत नव्हतं. तू काय म्हणालीस ते मात्र त्या गाण्याखाली गेलं. तू माझ्यावर नाराजच होतीस, रडत मला पाठवलंस आणि तशीच गेलीस, हे मी मनाशी धरून बसले. पुढे ट्रेनिंग पुरं केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, पहिला पगार झाला त्या दिवशीही मला तू पदर डोळ्याला लावलेलीच दिसलीस.

आता तुझ्या नातीला लग्नात मोठ्या पडद्यावर घरच्या माणसांची फिल्म दाखवायची होती, आणि त्यात आजी हवीच होती. मी कॅसेट घेऊन आदिलाबादच्या एका स्टुडिओत गेले. दुकानदारानं ती कॉम्प्युटरवर घेतली आणि म्हणाला, गाणं फार घरघरतं आहे, काढून नवं टाकू. त्यानं आवाज बंद केला आणि तू मुक्यानंच चालत आलीस. माय, तू रडत नव्हतीस. मे महिन्याचं ऊन होतं आणि तू घाम पुसत होतीस. आधी कपाळ, मग गळा, मग पदर मागे नेऊन पाठ. रडणारी बाई पाठ पुसत नाही. मग तू व्हिडिओवाल्याला कोपरानं बाजूला सारलंस, खिडकीत वाकून काहीतरी बोललीस, आणि आत बसलेली मी हसले. डोकं मागे टाकून, दात दिसेपर्यंत हसले. इतकी वर्षं त्या गाण्याखाली तेही मला रडणंच वाटत आलं होतं. तू जीपच्या पत्र्यावर थाप मारलीस, बैलाला चल म्हणावं तशी, आणि जीप निघाली. मी म्हटलं, पुन्हा लावा. त्यानं पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. तू माझ्याशी बोलली होतीस आणि मला हसवून पाठवलं होतंस. त्या दुकानात, झेरॉक्सच्या मशीनशेजारी बसून, मला इतका आनंद झाला की दुकानदारानं मला पाणी आणून दिलं.

त्याला वाटलं, मॅडमना गाणं पसंत पडत नाही. तो एकेक लावून पाहू लागला. बासरी लावली तर तू एकदम देवमाणूस झालीस, घाम पुसणंसुद्धा सोसणं वाटायला लागलं. ढोलकी लावली तर तू वात्रट दिसलीस, नवऱ्या मुलाची टिंगल करायला आल्यासारखी. मग त्यानं एक रडकं गाणं लावलं, आणि काय सांगू, सगळं डोळ्यांनी पाहून झालेलं असूनही तू पुन्हा रडायला लागलीस आणि तुझ्यासोबत मीही. बाई तीच, पदर तोच. तुझी सिनेमातली फसगत मला तेव्हा नीट कळली. तो विचारत होता, "ए पाट पेट्टाली, मॅडम?" कोणतं गाणं टाकायचं. मी म्हटलं, कोणतंच नको. ते त्याला काही केल्या पटेना.

हॉलमध्ये तू पडद्यावर आलीस आणि सगळा आवाज थांबला. काहीतरी बिघडलं असं समजून ऑपरेटर वायरी हलवायला धावला. मागून कोणीतरी सौंड, सौंड म्हणून ओरडलं. मामा आता काठी टेकत चालतो, तो पहिल्या रांगेतून म्हणाला, "रडून कुठी राह्यली ते? घाम पुसून राह्यली." लोक हसले. मग पडद्यावर मी हसले. तुझ्या नातीनं स्टेजवरून माइकमध्ये विचारलं, "आई, आजी काय म्हणाली गं तुला?" सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "म्हणाली, शिकणं सोडू नको." टाळ्या पडल्या. नवऱ्या मुलाच्या आईनं डोळे पुसले. तुला, मला आणि त्या हॉलला ते इतकं छान बसलं की दुसऱ्या दिवशीही लोक मला तेच सांगत होते.

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्या कोणाकडून तू हे वाचून घेतलेलं मला चालायचं नाही. कारण शिकणं सोडू नको असं ऐकून कोणी डोकं मागे टाकून हसत नाही. तू दुसरंच काही म्हणाली होतीस, माय, आणि ते मला अजून आठवलेलं नाही.