बाबांच्या सिनेमाची तारीख

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. दोन्ही हात जोडता येत नाहीत, कारण एका हातात गिऱ्हाईकाच्या चष्म्याची दांडी आहे आणि ते गिऱ्हाईक समोर बसून मी काय लिहितोय ते वाचायचा प्रयत्न करतंय (वाचता येणार नाही, चष्मा माझ्याकडे आहे). तुझा गुडघा कसा आहे? भावजींनी मीठ कमी केलं का, की अजून फक्त डॉक्टरांसमोरच कमी करतात? इकडे आईची तब्येत बरी, तुझ्या भावजयीची उत्तम, माझी विचारू नकोस. हे सगळं फोनवर लिहिता आलं असतं, पण फोनवर मी काहीही लिहिलं तरी तू अंगठा पाठवतेस. दुकानात पाणी शिरल्याचं कळवलं तेव्हाही अंगठाच आला होता. म्हणून कागद घेतला.

विषय बाबांच्या सिनेमाचा आहे. तू तेव्हा इथे नव्हतीस, म्हणून पहिल्यापासून सांगतो. ते परदेशी दिग्दर्शक दुकानात आले ते चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून. बाबांनी तो घट्ट करून दिला आणि पैसे घेतले नाहीत (माझ्याकडून घरच्या चष्म्याचेही घ्यायचे, हे जाऊ दे). दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ दहा-बारा माणसं आणि एक दुभाषी घेऊन परत आले, बाबांना काउंटरमागे बसवलं, हातात एक भिंग दिलं आणि पुसत राहा म्हणाले. बाबा पुसत राहिले. कोणी थांबा म्हणेना. शेवटी बाबांनीच दुभाष्याला विचारलं, की ह्यांना अजून किती स्वच्छ हवंय. त्यानंतर वर्षभराने बाबा गेले, आणि ते गेल्यावर आपल्या लक्षात आलं की हलते-चालते बाबा आपल्याकडे कुठेच नाहीत. घरचा कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. तुझ्या लग्नाच्या व्हिडिओत त्यांचं एक कोपर आहे आणि शेवटी एक शिंक. म्हणजे बाबा जिथे अजून बसून काच पुसताहेत अशी जागा एकच, तो सिनेमा. आईला तो बघायचाय, थिएटरात, मोठ्या पडद्यावर. एवढीशी गोष्ट आहे, आणि तेवढ्याने माझ्या नाकी नऊ आणलेत.

तुला वाटेल, सिनेमा कधी लागणार हे बघायला काय लागतं, पेपर उघडायचा. तो मारामारीचा सिनेमा असता तर पेपरच काय, बसथांब्यानेही सांगितलं असतं. पण हा आशियातला कलात्मक सिनेमा. ह्यांना तारीख नसते, वावड्या असतात. पहिली अडचण नावाची. मूळ नाव आपल्याला उच्चारता येत नाही. एका महोत्सवात त्याला ‘तिसऱ्या दुकानाची दुपार’ म्हणाले, दुसऱ्यात ‘काच आणि इतर कामं’, आणि एका देशात तर नुसतंच ‘फार सावकाश’ (हे मला प्रामाणिक वाटलं). बरं, नुसता प्रीमियर म्हणजेही काही नाही. जागतिक प्रीमियर वेगळा, आंतरराष्ट्रीय वेगळा, खंडातला वेगळा आणि देशातला आणखी वेगळा, आणि दर वेळी छापून येतं की सिनेमा प्रथमच दाखवला जातोय. काका म्हणाले, एकाच माणसाचा चार वेळा पहिला वाढदिवस. काका बाबांचे धाकटे भाऊ असल्यामुळे ह्या सिनेमाचे आपण निर्माते आहोत अशी त्यांची समजूत आहे. इंटरनेटवर एक मोठी यादी आहे, तीत देशाचं नाव आणि पुढे तारीख असते. आपल्या देशापुढे गेलं वर्षभर ‘लवकरच’ लिहिलेलं आहे. एकदा ते ‘लवकरच’ही गायब झालं. मग मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मी दिग्दर्शकांना लिहिलं. त्यांच्या मदतनिसाचं फार अदबीचं उत्तर आलं, की प्रदर्शनाचे हक्क विकणारी कंपनी निराळ्याच देशात आहे, तिला विचारा. कंपनीने मला विचारलं, आपण कोणत्या प्रदेशाचं प्रतिनिधित्व करता. मी कळवलं, मी माझ्या आईचं प्रतिनिधित्व करतो. त्यावर त्यांनी विचारलं, आपल्याकडे पडदे किती. मला वाटलं ही चौकशी दुकानाची चालली आहे, म्हणून लिहिलं, पडदा एकच, डोळे तपासायच्या खोलीला, हिरवा. तेव्हापासून त्यांच्या दप्तरी मी एका पडद्याचा वितरक आहे. दर आठवड्याला मला ‘प्रिय वितरक’ म्हणून पत्रं येतात आणि मी कधी न ऐकलेले सिनेमे विकत घेण्याचा आग्रह होतो. बाबांच्या सिनेमाबद्दल मात्र ताकास तूर लागू देत नाहीत. वाटाघाटी चालू आहेत, एवढंच. कोणाशी, विचारलं, तर उत्तर आलं की आपल्या प्रदेशात सध्या आपल्याशीच.

शेवटी मला एक भला माणूस भेटला. म्हणजे भेटला नाही, असल्या सिनेमांच्या तारखा शोधणाऱ्यांचा इंटरनेटवर एक अड्डा आहे, तिथे तो असतो. नाव माहीत नाही, फोटोच्या जागी छत्री आहे, म्हणून आम्ही त्याला छत्रीवाला म्हणतो. हा माणूस जगातल्या लहान लहान थिएटरांना फोन करून विचारतो. त्यानेच कळवलं, की शेजारच्या शहरातला एक फिल्म क्लब ह्या दिग्दर्शकांची खास संध्याकाळ करतोय आणि नवा सिनेमा मिळवायची खटपट चालली आहे. खटपट हा शब्द मी आईला सांगितला नाही.

आम्ही चौघं निघालो. आई, मी, तुझी भावजय आणि गाडी काकांची. काकांचं म्हणणं, सिनेमाआधी अर्धा तास जाहिराती असतात, घाई कशाला. त्यामुळे वाटेत दोन वेळा चहा झाला. ह्या सिनेमांना जाहिराती नसतात हे आम्हाला पोचल्यावर अंधारात कळलं. दुसरं म्हणजे, मोठ्या पडद्यासाठी म्हणून सकाळी मी घरातले सगळे चष्मे दुकानात नेऊन, औषध घालून लख्ख धुतले होते. ते तिथेच ट्रेमध्ये वाळत राहिले. एकट्या काकांकडे चष्मा होता, कारण ते आपला चष्मा माझ्या हाती देत नाहीत. तेव्हा पिढीजात चष्म्याच्या धंद्यातली माणसं एकच चष्मा आळीपाळीने लावून सिनेमा बघत होती, आणि तोही काकांच्या नंबरचा. आईची पाळी आली तेव्हा पडद्यावर एक माणूस पाठमोरा बसून काहीतरी पुसत होता. पुष्कळ वेळ पुसत होता. आई म्हणाली, हेच ते. काकांना हुंदका आला. तुझी भावजय रडली. मला स्वतःला धुक्यापलीकडे काही दिसत नव्हतं, पण ते धुकं बाबांएवढंच होतं एवढं मी सांगू शकतो.

दिवे लागले, आई तोंड धुवायला बाहेर गेली, आणि क्लबचे चिटणीस माइकवर आले. म्हणाले, नवा सिनेमा मिळू शकला नाही म्हणून दिग्दर्शकांचा पहिला सिनेमा दाखवावा लागला, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, तरी आपण थांबलात, आभारी आहे. पहिला सिनेमा, ताई. तो निघाला तेव्हा त्या दिग्दर्शकांनी आपलं दुकान पाहिलेलंही नव्हतं. मी काकांच्या पायावर पाय दिला, पण तशी गरज नव्हती, ते ऐकतच नव्हते. परतीच्या रस्त्यावर त्यांनी बाबांच्या अभिनयाचं इतकं कौतुक केलं की मीच मध्ये मध्ये हो हो म्हणत होतो. आई मागे बसली होती. तिला काय आणि कसं सांगणार? मी सांगितलं, आई, ह्याची मोठी प्रतही आहे, तीत बाबा समोरून दिसतात, तीही शोधतो. ती बरं म्हणाली. तेव्हापासून मी पुन्हा कामाला लागलोय, आणि खरं सांगायचं तर थकलोय.

आता ताजी बातमी. छत्रीवाल्याने कळवलंय की बाबांचा सिनेमा, खरा, पुढच्या महिन्यात तुमच्या देशात लागतोय. एकच शहर, तुमचं. एकच थिएटर, आठवडाभर, दुपारचा खेळ. फक्त परदेशी प्रेक्षकांसाठी तो पाव तासाने कमी केलाय, त्यातले सावकाश भाग कापलेत म्हणे. ह्या सिनेमात सावकाश नसलेले भाग कापणाऱ्याला कसे सापडले कोण जाणे. आणि बाबांच्या काच पुसण्याहून सावकाश काय असणार, ह्या विचाराने माझं डोकं उठलंय. असो. तुला नुसतं कळवावं म्हणून लिहिलं, काम काही नाही. भावजींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. काम आहे. तू तो सिनेमा बघून ये. दुपारी सुट्टी मिळत नाही हे मला माहीत आहे, तरी काढ. गुडघा दुखत असेल तर कडेची खुर्ची घे. चष्मा ने.

ता. क. दुसरा. बाबा त्यात असले तर लगेच आईला फोन कर. नसले, तर फक्त मला सांग, आईला अजिबात कळू देऊ नकोस. तिने त्या दिवशी त्यांना पाहिलंय असं ती समजते, आणि त्यावरच तिचं चाललंय. ते तिच्याकडून काढून घ्यायची माझी हिंमत नाही.

ता. क. तिसरा, आईच्या हातचा. ताई, अनेक आशीर्वाद. ह्याचं अक्षर पोस्टमनला लागत नाही म्हणून पाकिटावर पत्ता घालायला पत्र माझ्याकडे दिलं, आणि न वाचता पत्ता घालणारी बाई मी नव्हे. त्या संध्याकाळी हेच ते असं आधी हा म्हणाला, मी नाही. काकांचा चष्मा मला बरोबर लागतो, मला सगळं स्वच्छ दिसत होतं. तो माणूस डावखुरा होता. पण ह्याने माझा हात घट्ट धरला होता आणि लहानपणी रडायचा तसा रडत होता, म्हणून मी हो म्हटलं. मला तुझ्या बाबांना बघायला सिनेमा लागत नाही. ते गेल्यावर हा दुकान बंद करून त्यांच्या खुर्चीत एकटा बसून राहायचा, जेवायलाही ओढून आणावं लागायचं. हे तारखांचं खूळ लागल्यापासून चार माणसांना पत्रं लिहितो, त्यांच्याशी भांडतो, वेळेवर जेवतो. तू सिनेमा बघून ये. त्यात ते असले तर ह्याला कळव. नसले तर मला कळव, आणि ह्याला लिही की तारीख पुढे गेली.