पुढच्या टायरवरचा खडू

३ नोव्हेंबर, सोमवार

आज ती आली! लाल, दोन दारांची, अमेरिकेची, एकोणसत्तर सालची. मसल कार म्हणतात हिला. बोनेट एवढं लांब की वर खाट टाकून झोपावं. शारजात मला चार वर्षं झाली, आमच्या ग्यारेजात अशी गाडी पहिल्यांदाच.

अरबाबची, म्हणजे आमच्या मालकाची, स्वतःची हाय. त्याला पुढं रुंद टायर पाहिजेत. मागचे जाड हायत, पुढचे सायकलीवानी दिसतेत म्हणे.

उस्ताद, म्हणजे आमचा हेडमिस्त्री, डिसेंबरात कायमचा पेशावरला चाललाय. चहाच्या टायमाला सगळ्यांसमोर बोलला, जो हिचं पुढचं काम करंल त्याला माझी जागा.

मग मीच की! दुसरं हाय कोण?

४ नोव्हेंबर

महांतेशला दिलं.

५ नोव्हेंबर

काल पुढं लिहायला हात उठला न्हाई.

महांतेश अंबाजोगाईचा. घरचं किराणा दुकान, वर आयटीआय झालेला. आठ महिन्यांमागं त्याला इथं आणलं कुणी? मी! माझ्या शब्दावर व्हिसा निघाला. विमानतळावर घ्यायला मी गेलतो. पहिला महिना माझ्या ताटात जेवला.

उस्ताद म्हणला, "नाथा, तेरा हाथ अच्छा है. मगर ये पढ़ा-लिखा है. काम का कार्ड अंग्रेज़ी में भरना पड़ता है, मुझे अंग्रेज़ी नहीं आती, इसीलिए बोल रहा हूँ. तू साथ में रह."

साथ में म्हणजे हेल्पर.

मी सातवीतच शाळा सोडली. इंग्रजीत माझं नाव तेवढं येतं, पासपोर्टात बघून बघून पाठ केलेलं. पाच अक्षरं.

दुपारी महांतेश जवळ आला. "नाथाभाऊ, काम तुमचंच हाय. मी नुस्ती मापं घेतो."

हसत बोलला. लई गोड हसतंय.

मी म्हणलं, "काय साहेब, टेप धरायला तरी ठिवणार ना मला?"

त्याचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी. चकलांब्याला फोन लावला. मायनं माझं जेवणखाण इचारायच्या आधी त्याचं इचारलं. "महांतेश कसाय? लई गुणाचं पोरगं. कपिलधारला देवाला गेलते, तिथं त्याची आई भेटली. पेढा दिला मला. पोराच्या ग्यारेजात मोठं काम आलंय म्हणत होती. दोघांच्या नावानं अभिषेक घातला म्हणं."

दोघांच्या! माझं नाव कावून त्यात? माझी कीव आली असंल.

माय म्हणली, "तुला कामात सांभाळून घेतो ना रे तो?"

फोन ठेवला.

१० नोव्हेंबर

चाकांच्या नव्या रिमा आल्या. महांतेश दिवसभर मापं घेत होता. गाडीच्या आरशाला कामाचं कार्ड लटकवलंय. त्यात वरच्या ओळीत मिस्त्रीचं नाव, खालच्या ओळीत हेल्परचं. माझ्याकडं पाठ करून लिहीत होता. पेनानं, ठळक.

लिही बाबा. तुझंच राज्य हाय.

१२ नोव्हेंबर

टायर चढले. गाडी खाली घेतली — खोटं कशाला बोलू, नजर लागंल अशी दिसती. छाती काढून उभी राहिल्यावानी. महांतेशनं स्टेअरिंग पार डावीकडं वळवलं, मग पार उजवीकडं. टायर आन् मडगार्डाच्या मधी दोन बोटं जागा. अरबाबनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चार वर्षांत माझ्या खांद्यावर एकदा तरी!

जेवायच्या सुट्टीत मी मागं राहिलो.

गावाकडं उसाच्या ट्रॉलीला मोठे टायर टाकले की आमी टायरच्या कडेला गेरू चोळायचो आन् चार-पाच जण वर चढून उड्या मारायचो. टायर कुठं घासतो ते गेरू सांगतो. रिकाम्या ट्रॉलीचं माप खरं नसतंय. हे आयटीआयमधी शिकवत न्हाईत.

गेरू न्हवता. खडू चोळला. चाक पूर्ण वळवलं, मडगार्डावर बसून दोन-तीन हिसके दिले. मग आतून बोट फिरवलं.

मडगार्डाच्या पत्र्याची कड आत निघालेली असती, तिच्यावर पांढरी रेघ. बोटभर लांब. म्हणजे गाडीत माणसं बसली, वळणावर आदळली, की पत्रा टायर कापणार. कड आत वाकवायला लागती. अर्ध्या तासाचं काम.

मी खिशातलं फडकं काढलं आन् रेघ पुसली.

१३ नोव्हेंबर

सकाळी महांतेश चहा घेऊन आला. "भाऊ, एकदा तुमी नजर टाका ना. तुमचा हात फिरला की मला धीर येतो."

"बघितली. झ्याक हाय."

"खरंच?"

"आता लेखी देऊ का बे?"

हसला. थँक्यू म्हणला मला.

जेवण गेलं न्हाई.

१४ नोव्हेंबर

आज सुट्टी, तरी अरबाबच्या हट्टानं गाडी चक्कर मारायला नेली. महांतेश चालवायला, अरबाब आन् त्याचे दोघं जाडे दोस्त आत. मी दारात उभा. एकदा तोंड उघडलं पण होतं. तेवढ्यात अरबाब काहीतरी बोलला, महांतेश हसला आन् गाडी गेली.

पहिल्याच गोल चौकात टायर फाटला. गाडी कठड्यावर. कुणाला फार लागलं न्हाई, महांतेशचं मनगट मोडलं. बोनेटची घडी झाली. टो करून आणली. आरशाला कार्ड तसंच लोंबकळत होतं.

उस्ताद ओरडला, "किसने नापा था?"

महांतेश म्हणला, "मैंने. नाथाभाई का कोई क़सूर नहीं."

उस्तादनं माझ्याकडं बघितलं. मी बुटांकडं.

१६ नोव्हेंबर

त्याला घरी लावून देणार. व्हिसा बंद. उस्ताद मला म्हणला, जागा तेरी.

खोलीवर एका हातानं ब्याग भरत होता. मी चेन लावून दिली. तो म्हणला, "आईला सांगू नका भाऊ, हात मोडला म्हणून. मीच जाऊन सांगतो."

जागा मिळाली. चार वर्षं हेच मागत होतो ना?

१७ नोव्हेंबर

उस्तादनं कार्ड ऑफिसात द्यायला सांगितलं. आरशावरून काढलं. वरची ओळ, मिस्त्रीची. पेनानं, ठळक. पाच अक्षरं.

माझी.

खालचं लांबलचक नाव त्याचं, हेल्परच्या ओळीत.

त्याचं विमान साडेसहाला. आता दोन वाजलेत, उस्ताद जेवायला बसलाय. खडू खिशात घेतलाय. उस्तादला सांगायला उठतो.